पाव, पंगत आणि पाठभेद

काही वर्षांपूर्वी मराठीच्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही गोव्याला गेलो होतो. फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये ज्या रायतूरला छापले गेले ते ठिकाण मुलांनी एकदा डोळ्यांनी पाहावे, एवढाच माफक हेतू. वारणानगरहून रात्री निघालो, आजरा-आंबोलीमार्गे खाली उतरलो. सकाळ रायतूरला गेली आणि दुपारी पणजीच्या फोन्तेन्हास भागात, रंगीत भिंतींच्या अरुंद गल्ल्यांतून, आमची भुकेली मंडळी हिंडू लागली. एका खाणावळीच्या दारातल्या फळ्यावर त्या दिवशीचे पदार्थ खडूने लिहिलेले होते : विंदालू, काफ्रेआल, बालशांव, फेजोआद. मुले ती नावे अडखळत वाचू लागली. मी म्हणालो, "इथं नको. आपल्यातलं एखादं हॉटेल बघूया."

आमच्या कोल्हापूरकडच्या बोलीत 'आपल्यातलं' हा शब्द फार सहज येतो. सोयरीक जुळवताना, भाड्याने खोली देताना, मतदान करताना तो वापरतात आणि तो ऐकणाऱ्याला त्याचा नेमका अर्थ कधी विचारावा लागत नाही. त्या दिवशी मात्र एकाने विचारला. आजरा भागातला, कॅथलिक घरातला एक मुलगा आमच्या वर्गात होता. अतिशय शांतपणे, काहीही टोचून न बोलता त्याने विचारले, "सर, आपल्यातलं म्हणजे कुठलं?"

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. जवळच एक शाकाहारी हॉटेल सापडले. तिथे सगळ्यांनी पातळभाजी-पाव खाल्ला, जोडीला मिरचीची भजी. एका मुलीची एकादशी होती. तिने घरून आणलेला साबुदाण्याच्या खिचडीचा डबा उघडला. परतीच्या प्रवासात मला झोप लागली नाही. त्या मुलाचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता आणि त्याहूनही, ज्या टेबलावर आम्ही 'आपल्यातले' म्हणून निःशंकपणे जेवलो ते टेबल डोळ्यांसमोरून हलत नव्हते.

त्या टेबलावर काय होते? 'पाव' हा शब्द पोर्तुगीज, पदार्थही त्यांचाच. भाजीत बटाटा, हिंदीत तो 'आलू' झाला, पण मराठी-गुजरातीत त्याचे पोर्तुगीज नाव टिकले. मिरची मूळची अमेरिकेतली, पोर्तुगीज जहाजांतून इकडे आलेली. एकादशीच्या डब्यातला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा ब्राझीलचा, केरळच्या किनाऱ्यावर पोर्तुगिजांमुळेच रुजलेला. शेंगदाणेही दक्षिण अमेरिकेतले. चार-पाच शतकांपूर्वीचा एखादा कोल्हापूरकर आमच्या पंगतीत येऊन बसला असता, तर त्याला ओळखीचे वाटले असते ते फार तर मीठ आणि तूप.

अशा याद्या आता पुष्कळांना ठाऊक असतात. काजू, पपई, अननस, कोबी, तंबाखू, झालेच तर चावी, साबण, घमेले, पगार, लिलाव. भाषाशास्त्राच्या तासाला आपण त्या फळ्यावर लिहितो, मुले हसतात, तास संपतो. माझी तक्रार या गमतीबद्दल आहे. वस्तू आणि शब्द किती सहज आत आले हे आपण कौतुकाने सांगतो. त्यांच्यासोबत आलेल्या आणि त्यांच्यामुळे वेगळ्या पडलेल्या माणसांचे काय झाले, हा प्रश्न मात्र यादीत बसत नाही.

फोन्तेन्हासच्या त्या फळ्याकडेच पुन्हा पाहू. पणजी हे पोर्तुगीज स्थलांतरितांचे शहर, तिथली खाद्यसंस्कृती 'बहुसांस्कृतिक', अशी भाषा पर्यटनाच्या पुस्तिकांतून सर्रास आढळते. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. १५१० मध्ये अल्बुकर्कने गोवा जिंकला आणि आपल्या माणसांनी स्थानिक स्त्रियांशी लग्ने करून इथेच स्थायिक व्हावे असे धोरण ठेवले. तरीही समुद्र ओलांडून आलेले पोर्तुगीज संख्येने नेहमी थोडेच राहिले. राजधानी तेव्हा आजच्या जुन्या गोव्यात होती. रोगराईने ते शहर ओस पडत गेले, १७५९ मध्ये व्हाइसरॉयचा मुक्काम पणजीला आला आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृतपणे राजधानी झाली. ज्या फोन्तेन्हासला आज सगळे 'पोर्तुगीज वस्ती' म्हणून पाहायला जातात, ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात उभी करणारा गृहस्थ आफ्रिकेत, मोझांबिकमध्ये, पैसा मिळवून परतलेला गोवेकर होता असे सांगतात. लोक त्याला 'मोस्मीकार' म्हणत.

फळ्यावरची नावेही तितकीच फिरून आलेली. विंदालू म्हणजे मुळात वाइन आणि लसणात मुरवलेले मांस. लांबच्या सागरी प्रवासात टिकावे म्हणून केलेली सोय. गोव्यात वाइनची जागा माडाच्या सुरेपासून केलेल्या शिरक्याने घेतली, त्यात मिरची पडली आणि पदार्थ निराळाच झाला. पुढे गोव्याबाहेरच्या हॉटेलवाल्यांना त्याच्या नावात 'आलू' ऐकू आला आणि त्यांनी त्यात बटाटे घातले. लोकव्युत्पत्तीने पाककृती बदलल्याचे इतके रोकडे उदाहरण दुसरे सापडणार नाही. बालशांव हा शब्द मलाक्काकडच्या वाळवलेल्या कोळंबीच्या मलय नावावरून आलेला. आणि काफ्रेआल? त्यातला 'काफ्र' म्हणजे काफ्री, आफ्रिकेतून आणलेला काळा माणूस, बहुधा गुलाम किंवा शिपाई. त्या माणसांची वंशावळ आज कोणाला सांगता येत नाही. त्यांना हिणवण्यासाठी वापरलेला शब्द मात्र कोंबडीच्या हिरव्या मसाल्याचे नाव म्हणून शिल्लक आहे आणि आपण तो चवीने उच्चारतो.

याच शहरात कोकम आणि नारळाच्या रसावर पोसलेले सारस्वतांचे मासळीचे जेवण आहे, भाजी-पावाची जुनी हिंदू हॉटेले आहेत, उडुपी आहे आणि १९६१ च्या मुक्तीनंतर आलेले पंजाबीही आहे. बेळगावची भाजी रोज घाट उतरून इथे येते. पहाटे सायकलचा भोंगा वाजवत पाव घालणाऱ्याला गोव्यात 'पोदेर' म्हणतात, शब्द पोर्तुगीज. आता अनेक भट्ट्यांवर राबणारे हात कर्नाटकातून आलेल्या कामगारांचे आहेत. नाताळात कॅथलिक घरांतून शेजाऱ्यांकडे जी ताटे जातात त्यांत बेबिंक आणि दोदोल यांच्या बरोबरीने नेवऱ्या असतात, म्हणजे आपल्या करंज्या. धर्म बदलला तरी सणाला करंजी लागतेच, हे त्या घरांतल्या बायकांनी कोणालाही न विचारता ठरवून टाकले.

हे सगळे सुंदर आहे यात शंका नाही. परंतु याला केवळ 'मिलाफ' म्हणणे मला अप्रामाणिक वाटते. गोव्यात धर्मन्यायालय १५६० ते १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडली तर, चालू होते. अ. का. प्रियोळकरांनी आपल्या 'द गोवा इन्क्विझिशन' (१९६१) या ग्रंथात त्या न्यायालयाचा १७३६ सालचा जाहीरनामा दिला आहे. त्यात नवख्रिस्त्यांनी काय करू नये याची लांबलचक यादी आहे आणि त्या यादीत, हिंदूंप्रमाणे मीठ न घालता भात शिजवू नये, असेही एक कलम आहे. राजसत्ता चुलीवरच्या भांड्यात किती खोल हात घालू शकते हे समजण्यासाठी एवढे एक कलम पुरे. भात तोच, तांदूळ तोच. मीठ शिजताना घातले की नंतर, यावर माणसाची निष्ठा तपासली जात होती.

दुसऱ्या बाजूचे चित्रही फारसे उजळ नाही. पाद्र्यांनी विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यायलेले सारे गाव बाटले, ही कथा वसईपासून गोव्यापर्यंत सांगितली जाते. ती किती ठिकाणी खरी, किती ठिकाणी रचलेली, हा भाग वेगळा. कथेतला तर्क पाहण्यासारखा आहे. पाण्यात पाव पडला म्हणून धर्म गेला, असे पाव टाकणाऱ्याने एकट्याने ठरवून भागत नाही. ज्यांचा पाव पाण्यात पडला नाही अशा आप्तस्वकीयांनी ते मान्य करावे लागते. बाटवणारा एक असेल, बाटलेला ठरवणारे सगळे गाव असते. 'पायाने मळतात म्हणून पाव' ही व्युत्पत्ती माझ्या लहानपणी मी घरातल्या मोठ्या माणसांकडूनच ऐकली आहे. विंदालूत बटाटा घालणारी लोकव्युत्पत्ती आणि ही, दोन्ही चूकच. पहिलीने पदार्थ बदलला, दुसरीने माणसाला खाली ढकलले. आणि गोव्यातल्या ख्रिस्ती समाजानेही आपली जात चर्चच्या दारात ठेवली नाही. तिथेही बामण, चारडो, सुदीर राहिलेच. तेव्हा या प्रकरणात सोवळे कोणीच नाही.

इथे मला एक प्रश्न पडतो. मिरची आणि पाव दोन्ही त्याच जहाजांतून आले. मग मिरचीने कोणी बाटल्याची कथा का नाही? आमच्याकडे उन्हाळ्यात वर्षाची चटणी होते तेव्हा घराघरात संकेश्वरी मिरचीचा ठसका उठतो. तांबडा रस्सा ही तर कोल्हापूरची ओळखच. श्राद्धाच्या स्वयंपाकात अनेक घरी अजूनही मिरचीऐवजी मिरे वापरतात, म्हणजे ती उपरी आहे याची अंधूक आठवण कुठेतरी उरली आहे. पण उपवासाला ती चालते. पाव मात्र कित्येक पिढ्या बाटवणारा ठरला. खेड्यापाड्यांत फार तर आजाऱ्याला दुधात बुडवून द्यायचा, एवढाच त्याला प्रवेश.

मला सुचते ते उत्तर असे. मिरची बी म्हणून आली. ती आपल्या रानात, आपल्या हाताने पेरली गेली आणि आपल्या पाट्यावर वाटली गेली. पाव शिजून, भाजून आला. तो कोणीतरी दुसऱ्याने मळलेला होता. आपल्याकडे बियाणे बाटवत नाही, हात बाटवतो. शिधा कोणाकडूनही चालतो, रांधलेले चालत नाही, हा पंगतीचा जुना कायदा आहे आणि परदेशी वस्तू स्वीकारताना आपण तोच लावला. नाकारला तो पदार्थ नव्हता, माणूस होता. मुंबईत पाव भाजणाऱ्याची जात विचारायला कोणाला उसंत उरली नाही, तेव्हा कुठे पाव मराठी झाला. इतका, की १९६० नंतरच्या दशकांत वड्याच्या संगतीने तो मराठी अस्मितेचे निशाण म्हणूनही मिरवू लागला. आता कोल्हापुरात मिसळीच्या कटात पाव बुडवताना कोणाला वसईची विहीर आठवत नाही. ही प्रगती आहे हे मी नाकारत नाही. पण ती हात अदृश्य झाल्यामुळे झाली, हात हातात घेतल्यामुळे झाली नाही, हे विसरू नये.

साहित्याच्या अभ्यासकांनी या सगळ्याशी काय घेणे, असे कोणी म्हणेल. मला वाटते, खूपच घेणे आहे. सावता माळी यांचा, मळ्यातल्या भाज्यांत विठ्ठल पाहणारा अभंग आपल्याला शाळेपासून पाठ असतो. त्यात कांदा, मुळा, लसूण, कोथिंबीर यांच्या जोडीला मिरची आहे. सावतोबांची समाधी शके १२१७ ची, म्हणजे इसवी सन १२९५. मिरची या देशात आली सोळाव्या शतकात. वर्गात हे सांगितले की मुले दचकतात आणि कोणीतरी विचारतेच, "मग अभंग खोटा का, सर?" पाठचिकित्सेचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे. मूळ शब्द दुसराच असेल, किंवा ओळच नंतरची असेल. मौखिक परंपरेत शिरलेला हा प्रक्षेप असावा.

येथे थोडे थांबून आपली परिभाषा ऐकण्यासारखी आहे. आपण 'शुद्ध पाठ' म्हणतो, 'भ्रष्ट पाठ' म्हणतो. हे शब्द ग्रंथालयात जन्मलेले नाहीत, ते सोवळ्याच्या चुलीपाशी जन्मलेले आहेत. प्रियोळकर हे मराठीतल्या शास्त्रशुद्ध पाठचिकित्सेचे आद्य अभ्यासक. रघुनाथपंडिताच्या 'दमयंतीस्वयंवरा'ची आणि मुक्तेश्वराच्या आदिपर्वाची त्यांनी केलेली संपादने आजही आदर्श मानली जातात. पाठभेदांची बारकाईने नोंद करणारा हाच अभ्यासक बाटवाबाटवीच्या इतिहासाचीही तितक्याच निर्विकारपणे नोंद करतो, हा मला योगायोग वाटत नाही. संहितेत काय कधी शिरले, कोणाच्या हाताने शिरले आणि का टिकले, हे विचारण्याची सवय दोन्ही ठिकाणी एकच आहे. त्या सवयीने सावतोबांच्या अभंगाकडे पाहिले तर दिसते ते असे : कोणा एका काळी, कोणा एका गाणाऱ्याच्या मळ्यात नवे झाड आले आणि त्याच्या आवडत्या अभंगात त्याने त्याला जागा करून दिली. परदेशी मिरचीत विठ्ठल असेल का, असा प्रश्न त्याला पडला नाही. हा पाठ 'भ्रष्ट' म्हणायचा तर खुशाल म्हणावा. मला तो मराठीतल्या आतिथ्याचा एक पुरावा वाटतो.

उलट दिशेचेही एक उदाहरण आहे. मराठी बायबलमध्ये प्रभूच्या प्रार्थनेत रोजच्या अन्नासाठी 'भाकर' हा शब्द आला. गोव्यातल्या कोंकणी प्रार्थनेत त्या जागी 'गिरास' आहे, म्हणजे ग्रास, घास. दोन्ही अनुवादकांना 'पाव' हा शब्द हाताशी होता. मूळ पदार्थाला तो अधिक जवळचाही होता. तरी त्यांनी भाकर आणि घास निवडला. देवाकडे मागायचे ते आपल्या चुलीवरचे, हे त्यांना उमगले होते. इकडे गाणारा अभंगात मिरची घेतो, तिकडे अनुवादक प्रार्थनेत भाकर घेतो. ही खरी देवाणघेवाण, आणि ती करणाऱ्या माणसांचा मान आपण कधी केलेला नाही.

आपल्या अभ्यासक्रमाकडे पाहावे. 'क्रिस्तपुराण' आपण शिकवतो. त्यातही स्टीफन्स यांनी मराठीची जी स्तुती केली तेवढीच आवर्जून. पाहुण्याने आपल्या स्वयंपाकाचे कौतुक केले म्हणून त्याला पान वाढावे, तसे ते आहे. त्याच गोव्यात १६८४ मध्ये स्थानिक भाषा बंद करण्याचा हुकूम निघाला, ही गोष्ट आपण शिकवत नाही. आणि त्यानंतरही वसईपासून कोल्हापूरपर्यंत जी ख्रिस्ती माणसे मराठीत जगत आणि लिहीत राहिली, त्यांना आपण 'ख्रिस्ती मराठी साहित्य' नावाच्या वेगळ्या घटकात बसवतो. परीक्षेला तो घटक ऐच्छिक. पंक्तिभेद याहून वेगळा काय असतो? अन्न तेच, वाढपीही तेच, फक्त ओसरीवरची ओळ निराळी. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबाद संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा ही ओळ पुसली गेली असे अनेकांना वाटले; पण त्यांच्या निवडीला विरोध करणारे आवाजही उठलेच होते. आयुष्यभर मराठीत लिहिलेल्या माणसाने 'आपल्यातला' असल्याचा दाखला आणखी किती द्यायचा?

यावर कोणी म्हणेल, काय खावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. अगदी मान्य. त्या मुलीची एकादशी तिची होती आणि ती मोडायला कोणी सांगू नये. मला मांस नको असेल तर मी नको म्हणावे. परंतु मी तसे म्हणालो नव्हतो. "मला हे चालत नाही" या वाक्यात माझ्या पोटाची मर्यादा आहे; "आपल्यातलं बघूया" या वाक्यात समोरच्याला ओळीतून उठवण्याचा अधिकार आहे. मराठीचा अध्यापक म्हणवणाऱ्याला या दोन वाक्यांतला फरक कळू नये, ही गोष्ट मला अजून बोचते.

तो मुलगा त्या दिवशी आमच्याबरोबर पातळभाजी-पावच जेवला. गाडीत कोणीतरी त्याला विचारले, तेव्हा त्याने सांगितले की सोरपोतेल त्यांच्याकडे नाताळाला होते, एरवी भाकरी आणि आमटीच असते. फळ्यावरची चारही नावे त्याला न अडखळता वाचता आली असती. त्याला वाचायला सांगावे, हे मात्र आमच्यापैकी कोणाच्या मनात आले नाही. आता दर वर्षी सावतोबांचा तो अभंग शिकवताना मी मिरचीपाशी थांबतो. ती कुठून आली ते सांगतो, ती आत कशी आली ते सांगतो, आणि मग रायतूरहून परतताना माझ्या तोंडून निघालेले ते वाक्यही वर्गाला सांगतो. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी तेव्हा दिले नाही. ते असे थोडे थोडे करून देतो आहे.